रक्ताची साक्ष

टायफॉइडला आपण मराठी माणसे विषमज्वर म्हणतो. आयुर्वेदात मात्र हा शब्द वेळीअवेळी चढउतार करणाऱ्या तापास लाविलेला आहे, आणि त्याची जुनी वर्णने वाचली की टायफॉइडपेक्षा हिवतापाचीच आठवण अधिक होते. आमच्या बेळगावकडे जुनी माणसे 'मुदतीचा ताप' म्हणत. इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींच्या तोंडी 'मोतीझरा' हा शब्द आहे. रोगाचे नाव आणि रोग यांची अशी ताटातूट झालेली पाहून भाषेच्या शिक्षकास कुतूहल वाटावे हे स्वाभाविक आहे. पण आम्ही या विषयाकडे वळलो ते शब्दाच्या ओढीने नव्हे. आमच्या घरात एक चूक घडली, आणि ती आमच्याच हातून घडली, म्हणून वळलो.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या मुलीस ताप आला. चौथ्या दिवशी काढलेल्या रक्तातून डॉक्टरांनी जंतू वाढवून पाहिले व विषमज्वराचे निदान पक्के केले. औषध लागू पडले, मुलगी उठून बसली. तेवढ्यावर थांबावयाचे; पण 'दुखणे घरातूनच आले असेल, सर्वांचे रक्त तपासून घ्या' असे एका हितचिंतकाने सुचविले आणि आम्हांस ते पटले. विडाल चाचणीचे कागद आले. पत्नीचा कागद कोरा होता. मुलाचे आकडे किरकोळ होते. आमच्या कागदावर 'ओ' पुढे १:८० व 'एच' पुढे १:१६० असे आकडे होते. आमच्या आत्याच्या कागदावर 'ओ' १:८० आणि 'एच' १:३२० होते, आणि त्यापुढील शब्द तांबड्या शाईत छापलेला होता.

आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. यजमान गेल्यानंतर ती आमच्याकडेच राहावयास आली आणि अकरा वर्षे आमचे स्वयंपाकघर तिच्याच हाती होते. तो तांबडा शब्द वाचून आम्ही तिला चुलीपासून दूर केले. तिचे ताट, तांब्या, पेला वेगळा काढला. भांडण झाले नाही, कोणी आवाज चढविला नाही. तिने एवढेच विचारले, "माझ्या हातचं पोरीला बाधलं का रे?" आणि आम्ही, पोरांना तर्कशुद्ध विचार शिकविण्याचे वेतन घेणारे गृहस्थ, तो कागद पुढे करून गप्प राहिलो.

त्या कागदाचा अर्थ काय, हे आम्ही नंतर शोधू लागलो. आधी शोधावयास हवे होते.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे. विषमज्वराचा जंतू एबर्ट याने १८८० मध्ये पाहिला होता व गाफ्की याने १८८४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वाढविला होता. पुढे १८९६ मध्ये व्हिएन्ना येथे माक्स ग्रूबर व त्याच्याकडे काम करणारा इंग्रज तरुण हर्बर्ट डरहॅम यांस असे आढळले की, एखाद्या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचे रक्तजल त्या जंतूंच्या मिश्रणात घातले, तर मोकळे पोहणारे जंतू एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात. ओळखीचे रक्तजल घ्यावे आणि अनोळखी जंतूची जात ओळखावी, असा त्यांचा हेतू. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फेर्नां विडाल याने हा डाव उलटा मांडला. जंतू ओळखीचा घ्यावयाचा आणि अनोळखी माणसाचे रक्त तपासावयाचे. पुंजके दिसले तर या माणसाच्या शरीराची त्या जंतूशी गाठ पडली आहे असे समजावयाचे. ग्रूबरकडेच काम केलेला ग्रूनबाउम हाही त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. परंतु नाव विडालचे राहिले.

या उलटापालटीत एक बारीक गोष्ट आहे. विडालच्या आधी अशी समजूत होती की, रक्तातील हा गुण रोग होऊन गेल्यानंतर येणाऱ्या प्रतिकारशक्तीचा, म्हणजे भूतकाळाचा, अवशेष होय. रोगी अंथरुणावर असतानाच तो गुण रक्तात दिसू लागतो हे विडालने दाखविले आणि त्यामुळेच त्याची चाचणी वैद्यांच्या उपयोगी पडली. परंतु त्यामुळे पहिली समजूत खोटी ठरली नव्हती. रोग चालू असताना जी खूण उमटते तीच रोग गेल्यावरही रेंगाळते. म्हणजे साक्षीदार खरे बोलतो, पण क्रियापदाचा काळ सांगत नाही. 'जंतू येथे आला आहे' आणि 'जंतू येथे आला होता' ही दोन वाक्ये त्याच्या तोंडी एकसारखीच उमटतात. व्याकरण शिकविणाऱ्यांस याहून अधिक सांगावयास नको.

म्हणूनच जाणते वैद्य एकाच आकड्यावर भिस्त ठेवीत नाहीत. रक्तजल पाण्यात पातळ करीत जावयाचे. किती पातळ केल्यावरही पुंजके होतात ते पाहावयाचे. १:८० म्हणजे ऐंशी पट पातळ करूनही गुण उरला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन तोच आकडा चौपट झाला, तर शरीरात आज काही घडत आहे असे म्हणता येते. तो जेथल्या तेथे राहिला तर ती बहुधा जुनी आठवण असते. शिवाय आपल्या देशात हा जंतू पाण्यातून, उघड्यावरील खाण्यातून इतक्या जणांच्या पोटात जाऊन आलेला असतो, की ठणठणीत माणसाच्या रक्तातही लहानसहान आकडे सापडतात. पॅरिसच्या रुग्णालयात जो आकडा रोग दाखवील, तो येथील बाजारपेठेत कोणाचेही रक्त घेतले तरी सापडू शकेल.

दुसरा गुंता लशीचा. त्याच सुमारास इंग्लंडात नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयात आल्मरॉथ राइट हा मारलेल्या जंतूंची लस तयार करीत होता. १८९८ मध्ये प्लेग आयोगाचा सभासद म्हणून तो हिंदुस्थानात आला, तेव्हा येथील गोऱ्या पलटणींतील हजारो शिपायांस त्याने ती टोचली. फौजेत या तापास 'एंटेरिक' म्हणत आणि छावण्यांतून त्याची मोठी दहशत होती. ही लस पुढे देशी फौजेतही रूढ झाली. लस टोचलेल्याच्या रक्तातही पुंजके होतात. रक्तास रोगाची आठवण आणि टोचणीची आठवण यांतील भेद नीट सांगता येत नाही.

कागदावरील 'ओ' आणि 'एच' ही अक्षरे कोठून आली, हे शोधताना आम्हांस खरोखर आनंद झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात एडमुंड वाइल व आर्थर फेलिक्स हे दोघे प्रोटिअस नावाच्या जंतूवर काम करीत होते. तो जंतू बशीतील खाद्यावर पातळ पडद्यासारखा पसरे. थंडीत आरशावर फुंकर मारली असता जसा धुरकट थर येतो तसा. जर्मन भाषेत श्वासाच्या त्या धुक्यास 'हाउख' म्हणतात. शेपटीसारखे तंतू असणारा, पसरणारा प्रकार 'हाउख', म्हणून एच; आणि न पसरणारा तो 'ओहने हाउख', म्हणजे धुक्यावाचूनचा, म्हणून ओ. तंतूंविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे एच, रक्तात वर्षानुवर्षे टिकतात, विशेषतः लशीनंतर. ओ त्या मानाने लवकर ओसरतात. आमच्या आत्याच्या कागदावर तांबडा शब्द उमटविणारा आकडा एचचा होता. तिचे यजमान फौजेत होते आणि तिची तरुणपणाची अनेक वर्षे छावण्यांतून गेली. "सुई टोचली की दोन दिवस दंड सुजायचा" असे ती आमच्या लहानपणी किती वेळा सांगत असे! ती आठवण आम्हांस त्या दिवशी झाली नाही.

आता मुख्य प्रश्न. धडधाकट माणूस दुसऱ्यास रोग देऊ शकतो काय? देऊ शकतो. रोबेर्ट कॉख याने १९०२ मध्ये या मुद्द्यावर भर दिला आणि नैर्ऋत्य जर्मनीत अशा छुप्या वाहकांचा शोध घेणारी मोठी मोहीम निघाली. आपल्याकडे कसौली येथील संशोधन संस्थेत सेम्पल व ग्रेग यांनी १९०८ च्या सुमारास बऱ्या झालेल्या शिपायांची पाहणी करून तेच दाखविले. विषमज्वरातून उठलेल्या शंभरांतील दोन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू घर करून राहतात आणि विष्ठेवाटे महिनोन् महिने, कधी जन्मभर, बाहेर पडत राहतात. त्या माणसास स्वतःला काहीच होत नाही.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत दुःखी नाव मेरी मॅलनचे. ती १८६९ मध्ये आयर्लंडात जन्मली व न्यूयॉर्कमध्ये धनिकांच्या घरी स्वयंपाक करीत असे. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑइस्टर बे येथे भाड्याने घेतलेल्या एका घरात अकरांपैकी सहा माणसे विषमज्वराने आजारी पडली. घरमालकाने जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य अभियंत्यास शोधाचे काम दिले. त्याने पाणी पाहिले, दूध पाहिले, शिंपले पाहिले. शेवटी मध्येच काम सोडून गेलेल्या स्वयंपाकिणीच्या मागील नोकऱ्या तपासल्या. आठ घरांपैकी सात घरांत ती असताना किंवा गेल्यावर लगेच ताप आला होता. शिजलेल्या अन्नात जंतू टिकत नाहीत. परंतु ताज्या पीच फळांचे आइस्क्रीम ती फार उत्तम करी, असे त्यास कळले. १९०७ च्या आरंभी तो तिला भेटला आणि तिचे मूत्र, विष्ठा व रक्त तपासावयास मागू लागला. ती मांसाचा मोठा काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली.

सोपरचा तर्क बरोबर होता. पण एका परक्या पुरुषाने स्वयंपाकघरात उभे राहून एका निरोगी बाईस 'तुझ्यामुळे माणसे मरतात' असे म्हणावे, याचा तिला काय अर्थ लागला असेल? आपणास कधी विषमज्वर झाल्याचे तिला आठवत नव्हते. पोलिसांच्या मदतीने तिला नेण्यात आले आणि ईस्ट नदीतील नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवण्यात आले. सरकारी प्रयोगशाळेस तिच्या विष्ठेच्या बहुतेक नमुन्यांत जंतू सापडले. तिने स्वतः खासगी प्रयोगशाळेकडे नमुने पाठविले, त्यांत काहीच सापडले नाही. दोन्ही खरे असू शकते, कारण वाहकाच्या शरीरातून जंतू रोज बाहेर पडतातच असे नाही. पण ते तिला कोणी नीट सांगितले असेल असे वाटत नाही. 'स्वयंपाक करणार नाही' असे वचन घेऊन १९१० मध्ये तिला सोडले. दुसरे कोणते काम तिला येत होते, याचा विचार झाला नाही. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली. तेथे पंचवीस जण आजारी पडले, दोघे दगावले. त्यानंतर ती त्याच बेटावर राहिली व १९३८ मध्ये वारली. एकूण सव्वीस वर्षे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा इतरही वाहक सापडले होते. त्यांच्यापैकी कोणासही एवढी शिक्षा झाली नाही.

मेरीच्या बाबतीत निर्णय विष्ठेच्या तपासणीने झाला, रक्ताने नव्हे, ही गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विडालची चाचणी वाहक शोधण्यासाठी निघालेलीच नव्हती. १९३४ मध्ये फेलिक्स व मार्गारेट पिट यांनी 'व्ही-आय' नावाचा जंतूचा आणखी एक घटक दाखविला आणि त्याच्या आधारे वाहकांच्या रक्ताची वेगळी चाचणी पुढे आली; तथापि तीही संशयिताकडे बोट दाखविण्यापुरतीच.

रक्त तपासून कुटुंबाचे गुपित बाहेर काढण्याचा दुसरा मोठा प्रसंग उपदंशाचा. या रोगास सोळाव्या शतकातील भावप्रकाशात 'फिरंग रोग' म्हटले आहे, आणि ते नाव कोणावरून पडले हे गोमंतकातील वाचकांस सांगावयास नको. डब्लिनचा शल्यविशारद अब्राहम कोलिस याने १८३७ मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदविली. उपदंश घेऊन जन्मलेले मूल परक्या दाईच्या अंगावर पाजले तर दाईस रोग होतो; पण तेच मूल स्वतःच्या आईस, तिच्या अंगावर रोगाची एकही खूण नसताना, बाधत नाही. वैद्यांनी त्याचा अर्थ असा लाविला की, आईस रोग न होताच त्यापासून संरक्षण मिळते. सुमारे सत्तर वर्षे हा 'कोलिसचा नियम' म्हणून शिकविला गेला.

१९०६ मध्ये, म्हणजे ऑइस्टर बेच्या त्याच वर्षी, बर्लिनच्या आउगुस्ट वासरमान याने नायसर व ब्रुक यांच्यासह उपदंशाची रक्तचाचणी प्रसिद्ध केली. पुढे या 'संरक्षित' आयांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेकींचे रक्त रोगाची साक्ष देऊ लागले. त्या निरोगी नव्हत्याच. रोग त्यांच्या शरीरात मुकाट बसून होता. मुलाचा रोग त्यांना बाधत नव्हता, कारण तो त्यांच्याकडूनच मुलास गेला होता. आणि त्यांच्याकडे तो कोठून आला, हे विचारावयाचे तर पतीचे रक्त तपासावे लागे! रक्ताने येथे मोठेच काम केले यात शंका नाही. १९१० नंतर एर्लिखचे साल्वरसान आणि १९४३ पासून पेनिसिलिन हाती आले, तेव्हा अशा मातांवर वेळीच उपचार करून पुढील मुले वाचविता आली.

परंतु ही चाचणी कशावर उभी होती, ते पाहिले तर आश्चर्य वाटते. आरंभी रोगी अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरीत, कारण त्यात रोगाचे जंतू भरपूर असतात. एक-दोन वर्षांतच असे दिसले की, निरोगी हृदयाचा अर्कही तेच काम तितकेच चांगले करतो. म्हणजे चाचणी जंतूस ओळखतच नव्हती! ती शरीराच्या स्वतःच्याच एका स्निग्ध द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजीत होती. ते द्रव्य, कार्डिओलिपिन, मेरी पँगबॉर्न हिने १९४१ मध्ये गुराच्या हृदयातून वेगळे काढले. उपदंशात ती प्रतिपिंडे वाढतात, म्हणून चाचणी उपयोगी पडते. पण ती कुष्ठरोगात, हिवतापात, कधी नुसत्या गर्भारपणातही वाढतात. हिवतापाच्या आपल्या मुलखात याचा अर्थ काय होतो, ते वाचकांनीच मनात आणावे. ल्वूफ येथील जंतुशास्त्रज्ञ लुडविक फ्लेक याने १९३५ मध्ये या चाचणीच्या जन्मकथेवर एक ग्रंथ लिहिला. चुकीच्या कल्पनेवरून निघून अनेक हातांनी घासूनपुसून उपयोगी वस्तू कशी तयार झाली, हे त्याने दाखविले. विज्ञानाचा इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येकाने तो ग्रंथ वाचावा असे आमचे मत आहे.

अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९३५ मध्ये विवाहापूर्वी वधूवरांची उपदंशासाठी रक्ततपासणी सक्तीची केली आणि पुढे बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. हेतू चांगला होता. येथे आम्ही सातवीच्या मुलास घालावे असे एक काल्पनिक गणित मांडतो. हजार तरुण-तरुणी आल्या. त्यांत खरे रोगी पाच. चाचणी पाचही जणांस पकडते. पण निरोग्यांपैकी शंभरात दोघांस ती चुकून दोषी ठरविते. म्हणजे नऊशे पंचाण्णवांतून सुमारे वीस. तांबड्या शाईचे कागद पंचवीस निघाले, त्यांतील वीस निरपराध. चाचणी शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असूनही! रोगी जितके विरळ, तितका निरपराधांचा वाटा मोठा. हीच चाचणी खुणा दिसणाऱ्या रोग्यांपुरती वापरली तर तीच विश्वासाची ठरते. १९५२ मध्ये बाल्टिमोर येथील मूर व मोर यांनी अशा खोट्या साक्षींचा सविस्तर विचार केला. त्यांतील काही जणांस पुढे निराळाच दीर्घ रोग जडलेला दिसला. जिवंत जंतूंवर चालणारी नेमकी चाचणी १९४९ मध्ये निघाली होती, म्हणून हे उमगले. त्यापूर्वी किती विवाह मोडले व किती घरांत अबोला धरला गेला, त्याची मोजदाद कोणी ठेविलेली नाही. विवाहापूर्वीचे ते कायदे राज्यांनी पुढे एकेक करून मागे घेतले.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे आम्ही ते चार कागद घेऊन गेलो, तेव्हा आत्या स्वयंपाकघराबाहेर पडून तीन आठवडे झाले होते. त्यांनी कागद बाजूस ठेवून आधी एक प्रश्न विचारला: या घरात मुदतीचा ताप पूर्वी कोणास येऊन गेला आहे? आत्यास आलेला नव्हता. आम्हांस आला होता. महाविद्यालयात असताना, १९८७ मध्ये, चांगला महिनाभर. घरातील पिण्याचे पाणी रोज पहाटे उठून आम्हीच भरतो. वाहक होण्याचा संभव घरात कोणाचा असलाच तर तो आमचा होता, आणि आमच्या स्वतःच्या कागदावरील 'ओ'चा आकडा आत्याच्या आकड्याइतकाच होता. त्या तीन आठवड्यांत आम्हांस स्वतःचा पेला वेगळा काढण्याचे एकदाही सुचले नव्हते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोघांच्याही विष्ठेची तपासणी काही दिवसांच्या अंतराने तीन वेळा झाली. काही सापडले नाही. आमच्या गल्लीतील आणखी चार मुलांस त्याच महिन्यात ताप आला होता आणि नळाची वाहिनी गटाराजवळ फुटलेली होती, हेही नंतर कळले. आम्ही आत्याजवळ जाऊन झाले ते सर्व सांगितले व क्षमा मागितली. तिने ऐकून घेतले आणि "बरं झालं, पोरगी बरी आहे ना" एवढेच म्हणाली. नागपंचमीस तिने पुन्हा पुरणाची दिंडे केली. चूल तिच्याकडे परत गेली. तिचा तो वेगळा पेला मात्र फडताळात परत गेला नाही; आजही ती पाणी त्यातच पिते, आणि तो कोणी उचलू लागले तर स्वतः उठून विसळते.